एका खोक्यात दोन दूध केंद्रं

संध्याकाळच्या दुधाला, ऐन गर्दीत, मी चुकून स्वतःचाच सर्व्हर बंद केला. करायचा होता दुसरा. काट्याशेजारचा स्क्रीन कोरा झाला, पावती निघेना. रांगेतल्या एकानं कॅन खाली टेकवला आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, दूध परत गाईत भरून आणू का?"

दुसरा सर्व्हर बायकोच्या गटाचा. तिसगावजवळच्या आमच्या गावात दूध संकलन केंद्र माझं एकट्याचंच. धारा बायका काढायच्या, पावती निघायची नवऱ्याच्या नावानं. म्हणून बायकोनं बायकांचा गट जमवला आणि शेजारच्या खोलीत त्यांचं स्वतःचं केंद्र काढायचं ठरवलं. काटा आला, फॅट मोजायचं यंत्र आलं, नोंदी करायला तिचा मोबाईल होता. त्या साठवायला संगणक मात्र परवडेना. माझ्यातच तुमचं एक खातं उघडतो म्हणालो, तर ती म्हणाली, तुमचं बंद पडलं की आमचंबी पडणार, ते नको. मग मी छाती फुगवून एकाच संगणकावर दोन डेटाबेस सर्व्हर चालवायचं कबूल केलं. म्हणजे एका खोक्यात दोन कारकून, एकमेकांच्या कामात न डोकावणारे.

एक बंद केला तरी दुसरा चालू राहतो का, याची चाचणी ही अशी झाली. रांगेनं निकाल देऊन टाकला की एका खोक्यात दोन बसत नसतात. गटातल्या दोघी म्हणाल्या, सकाळी पावती न्हाई मिळाली तर आमी आपलं जुन्याच ठिकाणी घालू.

दुधाची गाडी गेल्यावर लगेच बसलो. दोन्ही सर्व्हरची नावं मी सारखीच ठेवली होती, शेवटी फक्त एक आणि दोन. गोंधळ होणार नाही तर काय! नावं बदलली, फोल्डर वेगळे केले, पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांक, वेगळे दिले. मेमरी दोघांना निम्मी निम्मी बांधून दिली, कारण तोवर माझाच गडी सगळी पिऊन बसत होता.

सकाळी दोन्ही दारांशी रांगा. दोन्हीकडं पावत्या निघू लागल्या आणि भर गर्दीत अडकला तो माझाच. या वेळी मी खरंच हात लावला नव्हता. माझी रांग थांबली. भिंतीपलीकडं मात्र प्रिंटरची किरकिर चालूच. मी फक्त माझा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. तेवढ्यात चार-पाच बायका आपापल्या नावाच्या पावत्या घेऊन आमच्या रांगेसमोरून गेल्यासुद्धा. पुरुषमंडळी माना वळवून बघत राहिली. आपलं बंद पडलं म्हणून माझा ऊर भरून आला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

दोन्ही केंद्रं आवरल्यावर बायको म्हणाली, "उद्यापासून आपल्या दोनी गाईंचं दूध आमच्याकडं. आन् तुमी घेऊन आलात, तर रांगेत हुभं ऱ्हायचं."