पंखा मिस्त्रीचं नाक

त्याला सगळे पंखा मिस्त्री म्हणत. तो पंखे दुरुस्त करायचा म्हणून नव्हे. उमेदीच्या साऱ्या वर्षांत त्याने एकाच जातीच्या गाड्यांना हात लावला. ज्यांच्या इंजिनाला पाणी लागत नाही, पंख्याच्या वाऱ्यावरच ते थंड राहतं, अशा जुन्या, गोल पाठीच्या गाड्या. इंजिन मागे, सामानाची जागा पुढे, आणि तिथेच पेट्रोलची टाकी. नवखं गिऱ्हाईक पुढचं झाकण उघडून गोंधळलं की मिस्त्री म्हणे, "साहेब, हिच्या डोक्यात नुसतं पेट्रोल. अक्कल सगळी मागे." हा विनोद तो तीस वर्षं करत होता आणि दर वेळी आधी स्वतःच हसायचा.

गॅरेज म्हणजे गल्लीच्या टोकाला जेमतेम दोन गाड्यांची जागा. गाडी आत आली की मिस्त्री हातापेक्षा आधी नाक पुढे करायचा. इंजिन बंद व्हायच्या आत सांगून मोकळा: "क्लच जळतोय." "वायरीचं कव्हर तापलंय कुठेतरी." "ऑइल गळून सायलेन्सरवर पडतंय." गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालत. मिस्त्रीला त्यात काही विशेष वाटत नसे. कान जसे असतात तसं नाक.

मग त्याला ताप आला. आठवडाभर अंथरुणात होता, उठला तेव्हा दाढी वाढलेली आणि तोंडाला चव नव्हती. चव येईल हळूहळू, असं बायको म्हणाली. एका सकाळी तिने गॅसवर दूध ठेवलं, "जरा लक्ष द्या हो," असं सांगून ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. परत आली तर स्वयंपाकघरात करपल्याचा वास कोंदलेला, आणि हा गॅसकडे पाठ करून, तीन हातांवर पेपर वाचत बसलेला.

"अहो! दुधाचा कोळसा झाला! काय करताय तुम्ही?"

"कुठे?" त्याने मान वर करून विचारलं.

मग तिने फडक्याने पातेलं उचलून त्याच्या नाकाखाली धरलं. त्याने जोरात श्वास घेतला. वाफ लागली, डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र आला नाही.

डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे. वर्षभरात वास परत येईल, किंवा नाहीही येणार. औषध काही नाही. चार बाटल्या दिल्या, लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि वास आठवायचा. मिस्त्री नेमाने बसे, डोळे मिटून, पाठांतर न झालेल्या पोरासारखा. आठ महिने झाले. चारही बाटल्यांत त्याच्या लेखी पाणी होतं.

"सांगून टाका गिऱ्हाइकांना," बायको म्हणायची.

"आणि? पेट्रोलचा वास न येणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण देईल? तू देशील?"

तो पेट्रोलची प्रत्येक नळी बोटांनी चाचपे, सांध्याखाली कागद धरून ओला होतो का बघे, बॅटरीच्या उजेडात डोळे फोडी. दुप्पट वेळ लागायचा. पण चालून गेलं.

अशात ग्रंथपालबाई आल्या. त्या कधीच्या निवृत्त झाल्या होत्या, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्यांची निळी गाडी मिस्त्रीच्याच हाताखाली म्हातारी झाली होती. शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान बसत. पूर्वी ते जमीन मोजणीच्या खात्यात होते, डोंगर-दऱ्या पायांखाली घातलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. राहिला तो एक "हं" आणि डावा हात. दर रविवारी बाई त्यांना सीटवर बसवून, पट्टा बांधून तळ्यापर्यंत फिरवून आणत. आठवड्यातलं तेवढंच त्यांचं बाहेर पडणं.

"गाडी तापली की मध्येच बंद पडते," बाई म्हणाल्या. "परवा चौकात अर्धा तास उभी होते. मागचे लोक हॉर्न वाजवतायत, आणि हे माझ्याकडे बघतायत. मला रडूच यायचं बाकी होतं."

दोष पेट्रोलच्या पंपाचा होता. ह्या गाड्यांचा मूळ पंप इंजिनावर बसतो आणि इंजिनाच्याच धक्क्याने चालतो. जुने पंप टिकाऊ होते, हल्लीच्यांचा आतला पडदा कागदासारखा. वर्षात दोन बदलून झाले होते आणि दुसऱ्याने तर पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये सोडलं होतं.

"विजेवरचा बसवता येतो म्हणे," बाई म्हणाल्या.

"येतो. पण त्याला अक्कल नसते." मिस्त्रीने हात पुसले. "जुना पंप इंजिन थांबलं की थांबतो. विजेवरच्याला काय कळतंय? किल्ली चालू आहे ना, मग तो पेट्रोल ढकलतच राहणार. उद्या कुठे ठोकर बसली, नळी तुटली, तरी हा आपला ओततोय. म्हणून नुसता पंप बसवून भागत नाही. इंजिन थांबलं की त्याची वीज तोडणारा स्विच पाहिजे, आणि धक्का बसला की तोडणारा दुसरा. लोक म्हणतात, एवढं कशाला."

बाईंनी एकदा गाडीत बसलेल्या यजमानांकडे पाहिलं.

"मिस्त्री, ह्यांना दार उघडून उतरता येत नाही. जे जे पाहिजे ते सगळं करा."

मिस्त्रीने तीन दिवस लावले. पंप पुढे, टाकीच्या खालच्या अंगाला बसवला, कारण हे पंप ढकलायला वाघ आणि ओढायला शेळी. खाली रबराच्या गुट्ट्या दिल्या, म्हणजे घरघर आत पोचू नये. पंपाच्या आधी गाळणी, नळ्या नव्याकोऱ्या, प्रत्येक सांध्याला क्लिप. मागे जुन्या पंपाचं भोक पत्र्याची चकती लावून बंद केलं. दाब मोजला, कार्ब्युरेटरला सोसेल इतकाच ठेवला. वायर फ्यूजमधून घेतली, मग ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या स्विचमधून, मग धक्क्याच्या स्विचमधून. इंजिन बंद करून किल्ली चालूच ठेवली, पंप गप्प. धक्क्याच्या स्विचला हातोडीच्या दांड्याने टिचकी मारली, चालत्या इंजिनाचा पंप बंद. सगळ्या सांध्यांखाली कागद धरले. कोरडे ठणठणीत.

शेवटी सवयीने त्याने पुढच्या डिकीत डोकं घातलं आणि श्वास घेतला. काही नाही. आता काही नाही म्हणजे खरंच काही नाही, की आपल्यापुरतं नाही? बायकोला बोलवावं, असं मनात आलं. ती लाँड्रीत इस्त्रीला उभी असेल, मालकाची परवानगी मागून यावं लागेल. आणि आपण काय सांगणार तिला, ये आणि माझ्या कामाचा वास घे म्हणून? त्याने झाकण लावलं.

शनिवारी गाडी गेली. रविवारी जेवायला बसायच्या वेळी बाईंचा फोन आला.

"गाडी झकास चालते हो. फक्त आत जरा वास येतोय."

"नवीन रबराचा असतो बाई," मिस्त्री म्हणाला. विचार करायच्या आतच तोंडातून निघून गेलं. "दोन दिवसांत जाईल."

"बरं झालं विचारलं. निघतोच आहोत आम्ही." त्यांनी फोन ठेवला.

बायको ताट वाढत होती. "कोण होतं?"

त्याने सांगितलं. तिचा हात होता तिथेच थांबला.

"रबराचा आहे हे तुम्हाला काय माहीत?"

त्याने उलटा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाई गाडी चालवताना फोन घेत नसत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी तो लावत राहिला. मग दोघं ताटं तशीच टाकून स्कूटरवर बसले. वाटेतला प्रत्येक सिग्नल लाल लागला. "हळू चालवा," बायको मागून एकदाच म्हणाली, नंतर तिने नुसता त्याचा शर्ट मुठीत धरला.

तळ्याकाठी निळी गाडी उभी होती. काचा वर, बाई कुठेच दिसत नव्हत्या. आत यजमान एकटे, पट्ट्यात बांधलेले. किल्ली चालू, रेडिओवर बातम्या लागलेल्या. पंप गप्प होता, स्विचने आपलं काम चोख केलं होतं. पण यजमानांचा डावा हात काचेवर आपटत होता. मिस्त्रीला बघताच त्यांनी आधी नाकाला बोट लावलं, मग पुढे डिकीकडे दाखवलं. "हं. हं. हं." चेहरा घामाने डबडबलेला.

मिस्त्रीने दार उघडून आधी किल्ली बंद केली, मग पट्टा सोडला आणि त्यांना काखेत धरून ओढलं. शरीर हलेना. अर्धा माणूस त्याच्याकडे येत होता, अर्धा सीटवरच राहत होता. बायकोने पाय धरले. तिचं नाक आक्रसलं. "अहो, केवढा वास आहे! आणि तुम्हाला..." दोन गाड्या पलीकडे एक गृहस्थ सिगारेट काढत होते. मिस्त्री एवढ्या जोराने ओरडला की सिगारेट त्यांच्या हातातून पडली. तेवढ्यात पाण्याची बाटली भरायला गेलेल्या बाई धावत आल्या, आणि तिघांनी मिळून यजमानांना बाकावर नेलं.

मग मिस्त्री डिकीत वाकला. पंप, गाळणी, क्लिपा, नळ्या. बोटं फिरवली. सगळं कोरडं. पुन्हा फिरवली. पन्नास वासांतून एक निवडून काढणारा माणूस, पेट्रोलच्या वाफेत डोकं घालून उभा होता आणि त्याला रविवारची स्वच्छ हवा लागत होती.

"सरका," बायको म्हणाली. ती वाकली, पंपापाशी, मग टाकीच्या कडेने, मग वर. टाकीच्या तोंडापाशी करंगळीएवढी एक नळी होती, वाफ बाहेर जायची. "इथे."

मिस्त्रीने नळी वाकवली. मागच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी, बोटभर चीर. जुनीच नळी, पंपाच्या कामात तिचा संबंध नव्हता म्हणून त्याने तिला हातही लावला नव्हता. पंप नवा बसला म्हणून बाईंनी कित्येक महिन्यांनी टाकी काठोकाठ भरली होती, आणि चिरेतून वाफ आत भरत होती. थेंब नाही, ओल नाही. टाकी भरायच्या आधीही थोडा वास असणारच, नाक असतं तर काम संपवताना शुक्रवारीच कळलं असतं.

"बाई," तो म्हणाला, "मला वास येत नाही. आठ महिने झाले."

बाई यजमानांचा घाम पुसत होत्या. त्यांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मग मघाशी फोनवर?"

"थाप मारली. म्हणजे, मारायची म्हणून नाही. निघून गेली."

यजमान "हं" म्हणाले. त्याचा अर्थ काय, ते कुणालाच विचारता येण्यासारखं नव्हतं.

बाई त्यांना टॅक्सीने घरी घेऊन गेल्या. मिस्त्रीने नळी बदलली, बायकोने दोनदा हुंगून बघितलं, मंगळवारी बाई गाडी न्यायला आल्या. एकट्याच. सगळं समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "काम तुमचं चांगलंच आहे मिस्त्री. ते स्विच नसते तर काय झालं असतं, ह्याचाही विचार करते मी. पण मी ह्यांना त्या सीटवर बांधते. मला तुमच्या शब्दावर बांधता यायचं. आता नाही येत." रागाचा एक शब्द नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

त्यानंतर त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगायला सुरुवात केली. काही हसले, काहींनी "मग राहू दे" म्हणून गाडी वळवली, काही जुन्या ओळखीखातर राहिले. त्याने वाफ ओळखणारं एक यंत्र आणलं. ते पेट्रोलवर ओरडे, थिनरवर ओरडे, गिऱ्हाइकाच्या अत्तरावरही ओरडे. शेवटी बायकोच लाँड्रीतून सुटल्यावर येऊ लागली. "सगळी जिंदगी म्हणालात, बायकांनी गॅरेजमध्ये नाक खुपसू नये," ती म्हणायची आणि डिकीत वाकायची. तो हसायचा. एकदा तिला सर्दी झाली तेव्हा गॅरेज चार दिवस बंद राहिलं. पाचव्या दिवशी त्याने कुलूप काढलं, आणि दोन गाड्या नुसत्या पुसत बसला.

सहा-सात महिन्यांनी, एका संध्याकाळी तो किराणा घेऊन चौकात उभा होता. सिग्नल लागला, आणि ओळीत तिसरी, ती निळी गाडी. इंजिनाचा आवाज एकसारखा, एक ठोका चुकत नव्हता. बाई समोर बघत होत्या. यजमान पट्ट्यात, काच अर्धी खाली. दुसऱ्या कुणाकडे दाखवली असेल त्यांनी गाडी? कुणी बघितली असेल ती नळी? पुढे जाऊन विचारावं, असं त्याला फार वाटलं. विचारून तरी काय करणार होता?

सिग्नल सुटला. गाडी त्याच्या अंगावरून गेल्यासारखी जवळून गेली. त्याने सवयीने श्वास घेतला आणि मग तो आजूबाजूच्या माणसांचे चेहरे बघत राहिला. एक बाई पिशवी सावरत होती, एक म्हातारा घड्याळ बघत होता, दोन मुली काहीतरी खात रस्ता ओलांडत होत्या. कुणी नाक मुरडलं नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो एकेकाचं तोंड तपासत उभा होता.