दोनशे एकोणचाळीस

अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. सलग सात एके. आठवीच्या पेपरात मी विचारलं होतं, ही संख्या मूळ की संयुक्त? माझं उत्तर ठरलेलं होतं: मूळ.

नियमाने वर्गमूळापर्यंत, म्हणजे हजाराच्याही पुढे, प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायला हवं होतं. मी सत्त्याण्णववर थांबलो. पोलादपूरहून महाडला येताना एसटीत पेपर काढायची सवय होती. शंभरापर्यंत भाग जात नसेल तर कशाला जाईल, असं म्हणून वही मिटली.

एका मुलीने लिहिलं, ‘संयुक्त. २३९ × ४६४९.’ मी लाल फुली मारली. त्या दोन गुणांनी तिचा पहिला नंबर गेला. गणिताच्या शिबिराला शाळेतून पहिल्या नंबरालाच पाठवायचे.

ती बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहायची, वडील कारखान्यात होते. दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरची पानं घेऊन आली. मागच्या कोऱ्या बाजूवर भागाकार, ओळीने, न गाळता. मी थांबलो त्याच्या पुढे आणखी सत्तावीस.

“सर, गुनून तरी बघा ना.”

“मोबाइलवर कुणी काढून दिलं?” मी भर वर्गात विचारलं. “ही पानं सजवायला रात्रभर बसलीस वाटतं?”

वर्ग हसला. हसावा म्हणूनच मी तसं बोललो होतो.

“आमच्याकडं तसला मोबाइल नाय, सर,” ती म्हणाली आणि पानं टेबलावर ठेवून जागेवर गेली.

घरी जाऊन गुणाकार केला. एकाखाली एक, सातही एके आले. शिबिराची यादी अजून मुख्याध्यापकांच्या टेबलावरच होती. सकाळी एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. शिबिराला दुसरं कुणी गेलं. त्यानंतर तिने वर्गात एकदाही हात वर केला नाही. दहावीनंतर शिक्षण सुटलं.

मी मात्र ती संख्या दर वर्षी शिकवतो. सात एके लिहितो, मुलांना अडखळू देतो आणि मग २३९ काढून दाखवतो. मुलं टाळ्या वाजवतात.

मागच्या महिन्यात ती बिरवाडीच्या बाजारात भेटली. अंगात कंपनीचा निळा कोट, हातात भाजीची पिशवी.

“सर, माझी भाची तुमच्याच वर्गात हाय. वरच्या वर्गातल्या पोरींकडनं ऐकून सांगत व्हती, सर दोनशे एकोणचाळीस चुटकीसरशी काढतात. लय हुशार हायत म्हणे.”

“तू तिला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? तिला पन मोबाइलचं इचारलंत म्हंजे?”

ती मेथीच्या जुडीकडे वळली.

सोमवारी फळ्यावर सात एके लिहिले. भाची दुसऱ्या बाकावर होती, माझ्याकडेच बघत होती. हा भाजक तुझ्या मावशीने शोधला, एवढंच म्हणायचं होतं. मी २३९ लिहिलं. टाळ्या झाल्या. तिनेही वाजवल्या.