हिरव्या दोऱ्याचे टॉवेल

कोणाच्याही खांद्यावर टॉवेल दिसला की मामांचा हात आपोआप तिकडे जायचा. कोपरा अंगठ्यात आणि बोटात धरायचे, चोळायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, “वजन हाय की!” किंवा, “नुसती हवा हाय.” एकदा स्टँडवर एका फौजदाराच्या मानेवरचाच टॉवेल त्यांनी तपासला. फौजदार हात उगारणार, तोच मामा कळवळून म्हणाले, “साहेब, फसवलं की ओ तुमाला. हवा हाय.” फौजदाराने चहा पाजला आणि चांगल्या दुकानाचा पत्ता विचारून घेतला. मी तिथे होतो असं मी सगळ्यांना सांगत आलोय. तुम्हीही मानून चला.

ते माझे सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या कारखान्याचे मामा. सोलापुरातल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते माग चालवायचे, मी पॅकिंगला. घरंही भिंतीला भिंत लागून. घरात ते तेलुगू बोलायचे. मामींनी बाजारातून काही आणलं, अगदी कोबीचा गड्डा, तरी हातात तोलून म्हणायचे, “बरुवुंदि!” म्हणजे तेच, वजन आहे. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून माझं तेलुगू त्या एका शब्दापुरतं पक्कं झालं.

कुठला माल कुणाचा हे कळावं म्हणून आमच्याकडे प्रत्येक विणकर टॉवेलच्या काठात आपल्या रंगाचा एक दोरा सोडतो. मामांचा हिरवा.

मग परदेशच्या ऑर्डरी आटल्या. गोदामात टॉवेल असे साठले, की सिद्धेश्वराच्या तळ्यात टाकले असते तर संध्याकाळपर्यंत पोरं तळ्यात क्रिकेट खेळली असती. मालकांकडे पैसा नव्हता आणि टॉवेल होते, म्हणून त्यांनी पगारही टॉवेलातच द्यायला सुरुवात केली. खर्चापुरते थोडे रुपये आणि बाकी ज्याचा त्याने आपला माल उचलायचा. मामा गठ्ठा डोक्यावर घेऊन घरी यायचे आणि दारातूनच मामींना सांगायचे, “फुडच्या महिन्यात रोख हाय.”

मामींनी घर टॉवेलांवर चालवून दाखवलं. दूधवाल्याला टॉवेल, न्हाव्याला टॉवेल, किराणावाल्याला टॉवेल. आमची गल्ली महाराष्ट्रातली सगळ्यात कोरडी गल्ली झाली. दूधवाल्याची म्हैससुद्धा अंग पुसल्याशिवाय धार देईना. शेवटी किराणावाला हात जोडून म्हणाला, “मामा, घरात आता अंगं कमी पडायलीत ओ.”

अक्कलकोटला एका लग्नात मामांना मानाचा टॉवेल-टोपी आहेर मिळाला. त्यांनी सवयीने कोपरा चोळला, काठ उलटून पाहिला आणि भर मांडवात ओरडले, “आरं, ह्यो तर माझाच!” हिरवा दोरा. कुठून कुठून फिरून पगार परत आला होता. मांडव हसला, मामा सगळ्यांपेक्षा जास्त हसले. मामी मात्र त्या टॉवेलाची घडी घालत बसल्या होत्या. घालायच्या, मोडायच्या, परत घालायच्या.

कारण मुलीचं कॉलेज टॉवेल घेत नव्हतं. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि फी थकली होती. मामा एक चांगला गठ्ठा घेऊन थेट कॉलेजच्या ऑफिसात गेले. मी सोबत होतो. तिथला क्लार्क भला माणूस, हसला नाही. म्हणाला, “काका, फी ऑनलाइन भरावी लागते.”

“मग ऑनलाइनमधी टॉवेल कुटनं घालायचं?” मामांनी विचारलं. चेष्टेने नव्हे, खरंच विचारलं.

परत येताना गठ्ठा माझ्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी ते मालकांसमोर उभे राहिले. शेजारी मालकांचा शिकून आलेला मुलगा बसला होता. त्याने विचारलं, “मामा, पगाराची तुमची अपेक्षा काय आहे?”

“रोख.”

“रोख पाहिजे तर निम्मा मिळेल.”

टेबलावर आमचाच एक टॉवेल अंथरलेला होता. मामांनी त्याचा कोपरा चोळला. “हवा हाय,” ते म्हणाले. मग कोपरा सोडून म्हणाले, “पर चालंल.”

निम्म्या पगारातून आधी फीचा हप्ता जायचा, उरलेल्यात घर. “ताणा तेवढाच ठिवायचा,” मामा मला समजावायचे, “उभं दोरं तेवढंच. आडवा बाणा विरळ करायचा. लांबनं कापड तसंच दिसतंय की.” मामींची आमटी एवढी पातळ झाली, की वाटीत डोकावलं तर भांग पाडता यावा. चहा गेला, बस गेली, मामा कारखान्यात चालत यायला लागले. जन्मभर हवेला शिव्या देणारा माणूस आता घरात हवा विणत होता.

मुलगी कॉलेजात लोकांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजत होती. घरी आली की बापाचा दंड धरायची. ते हात सोडवून घ्यायचे. “परीक्षा कुणाची हाय? तुजी का माजी?”

शेवटचा हप्ता भरला त्याच आठवड्यात मामा मागाशेजारी खाली बसले. दोरा तुटला असेल म्हणून वाकले असतील असं आम्हाला वाटलं. ते उठलेच नाहीत.

घरी मुलीला गोळ्यांचं पाकीट सापडलं. कधीच संपायला हवं होतं, तर निम्मं शिल्लक. बीपीची रोजची गोळी मामा दिवसाआड घेत होते. तिथेही त्यांनी बाणा विरळ केला होता. पोरीने ते पाकीट मुठीत धरलं ते कुणालाच सोडवता आलं नाही.

आमच्याकडे जाणाऱ्याच्या अंगावर जो तो कापड घालतो. दूधवाला आला, न्हावी आला, किराणावाला दुकान बंद करून आला, अक्कलकोटचे पाहुणे आले. तसल्या दिवसांत बाजारातून नवं कोण आणणार? प्रत्येकाने घरातला न वापरलेला, घडीचा टॉवेल काढून आणला होता. एकावर एक पडत गेले. सगळ्यांच्या काठाला हिरवा दोरा. मालक मान खाली घालून दारात उभे होते. त्यांच्या हातात महागडी शाल होती. ती त्यांनी घातली नाही, हातातच ठेवली.

मामी पुढे सरकल्या. वरच्या टॉवेलाचा कोपरा त्यांनी अंगठ्यात आणि बोटात धरला, चोळला, डोळे मिटले आणि मामांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “बरुवुंदि.”

मग आम्ही चौघांनी खांदा दिला. एरवी मी कशाचंही काहीही फुगवून सांगतो. हे मात्र जसंच्या तसं सांगतो, जे काय वजन होतं, ते टॉवेलांचंच होतं.