नोकोबाईंची पळी

आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई वाढायला आल्या की नव्या पोरी हमखास उपाशी राहायच्या. आपल्याकडे जेवताना पहिलं 'नको' म्हणजे नुसती बोलण्याची सुरुवात. दुसऱ्या 'नको'ला अर्धी पळी पडते, आणि तिसऱ्याला ताटावर हात आडवा धरला तरी वाढणारी बोटांच्या फटीतून वरण सोडतेच. बाईंचं तसं नव्हतं. "भात?" "नोको." झालं, बाई पुढच्या ताटाशी. मागून कितीही हाका मारा, सगळी पंगत फिरून झाल्याशिवाय त्या मागे वळत नसत. "एकदा नोको म्हटलं का खतम," असं म्हणायच्या. म्हणून त्यांचं नाव नोकोबाई पडलं. आम्ही ते तोंडावरही वापरायचो आणि त्या ओ द्यायच्या.

बाई उंच, काटकुळ्या, कपाळावर हिरवं गोंदण. रोज सकाळी पोरींच्या वेण्या घालून द्यायच्या, पण दरवेळी आधी विचारायच्या, "हात लावू का डोक्याले?" आम्हाला हसू फुटायचं. घरी आधी तेल ओतायचे आणि मग डोकं ओढायचे, विचारणार कोण? मी एकदा म्हटलं, "बाई, रोज काय विचारता, माहीतच आहे ना." तर म्हणाल्या, "काल हो होतं. आज काय हाय, मले काय मालूम?"

मी तेव्हा आलापल्लीला बारावीत होते. आमच्या घरातली अकरावी ओलांडलेली मी पहिलीच, त्यामुळे बाबा धानाच्या बांधीवरसुद्धा माझे मार्क सांगत फिरायचे. आणि माझ्या आयुष्यात प्रवीण होता. खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडायचा. एक वर्ष पुढे होता, स्वतःच्या वह्या आणून द्यायचा, सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांच्या लाल धुळीत स्टँडवर तासभर उभा राहायचा. मग त्यानं माझ्या फोनचा पासवर्ड मागितला. मग जेवताना व्हिडिओ कॉल करून शेजारी कोण बसलंय ते दाखवायला लावायला लागला. "पिरेम हाय म्हणून इचारतो," म्हणायचा. मलाही ते प्रेमच वाटलं आणि मी मैत्रिणींत मिरवलंसुद्धा, याची आजही लाज वाटते.

मार्कंड्याची जत्रा जवळ आली तेव्हा तो म्हणाला, मोटरसायकलवर दोघंच जाऊ, कोणाला सांगायचं नाही. मी नको म्हटलं. तो हसला. "आमच्या घरी आली तवा माया मायनं पुऱ्या वाढल्या. तीनदा नोको म्हटली अन् चार खाल्ल्या. तुयं नोको मले चांगलं मालूम हाय."

चार पुऱ्या मी खरंच खाल्ल्या होत्या.

मी नकोच म्हणत राहिले तसा त्याचा सूर बदलला. "नाई आली त फवाऱ्याचं औषध पितो. चिठ्ठीत तुयंच नाव लिहितो." तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालं. घरी सांगावं तर शिक्षण बंद आणि स्थळं बघणं सुरू. सांगू नये तर एक जीव जाणार आणि त्याला कारण मी. जावं तर मन तयार नव्हतं. कुठूनही वाट दिसेना. चार दिवस पंगतीत मी "नोको" म्हणत होते आणि चार दिवस बाई पुढे जात होत्या.

पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्यावरच ओरडले, "माणूस मरत असला तरी तुम्ही एकदा आग्रह करणार नाही का?"

बाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं. "सोळाची होती मी. धानाच्या रोवण्यावर एक पोरगा मागं लागला. मी नोको म्हटलं. त्यानं घरी मागणी घातली. मी नोको म्हटलं. सारे म्हणत, पोरीचं नोको म्हणजे लाज. बत्तीस वर्षं संसार केला त्या लाजेचा." मग म्हणाल्या, "माया हातानं तसं होणार नाई. जेव असं मी नाई म्हणत. पण बोल, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी प्रवीणला एक शिवी दिली नाही.

"आवडते का तुले तो?"

"आवडतो."

"जाले नोको वाटते?"

"हो."

"त दोन्ही खरं हाय. आवडते म्हणून जालेच पाह्यजे असं नाई." सूप पुन्हा जवळ ओढत म्हणाल्या, "पण मराची गोष्ट पोटात ठेवाची नसते. त्याच्या मायले सांग. पोरगं तिचं हाय. तू एकटीनं काऊन वाहून राह्यली?"

त्याच्या आईला मीच फोन केला, बाई शेजारी बसल्या होत्या. ती माउली रडली, पण त्याच दिवशी तिनं घरातलं औषध हलवलं आणि प्रवीणच्या मामाला सोबतीला बोलावलं. प्रवीणला काही झालं नाही. पुढे त्याचा फोनही आला नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं.

मात्र तीन दिवसांत गोष्ट आमच्या गावात पोचली आणि भर दुपारी बाबा मला न्यायला हजर झाले. माझी पेटी आवरून दारात आणवली. परीक्षेला महिना होता. मी येत नाही म्हणाले, तर माझ्याकडे बघितलंही नाही. बाईंनी त्यांना ताटावर बसवलं. दोन बस बदलून आलेला, सकाळपासून उपाशी माणूस. बाई भाताची पळी घेऊन आल्या, "भात, भाऊ?"

"नोको नोको," बाबा रीतीप्रमाणे म्हणाले.

बाई वळल्या. लाखोळीच्या डाळीचं वरण घेऊन आल्या. "नोको," बाबा पुन्हा म्हणाले. ते भांडंही परत गेलं. बाबा रिकाम्या ताटाकडे बघत राहिले. शेवटी बाई समोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमी पाव्हणे, एका बोलात तुमचं नोको आयकलं, भाऊ. पोरगी मघापासून नोको म्हणून राह्यली. तिचं कोण आयकन?"

बाबांनी दारातल्या पेटीकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "वाढा बाई. भूक लागली." जेवले, हात धुतला, आणि दारातली पेटी स्वतः उचलून माझ्या खाटेखाली ठेवून आले.

मी बारावी झाले, नर्स झाले. माझ्या हातचं वाढणं बघून सासूबाई मला कंजूष समजतात, समजोत.

मागच्या वर्षी बाई त्यांच्या गावी आजारी असल्याचं कळलं आणि मी गेले. अंगणातल्या खाटेवर होत्या, ओळखलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी घरून पेज करून नेली होती. दोन चमचे घेतले. तिसऱ्याला म्हणाल्या, "नोको."

मी रोज पेशंटना समजावून, गोंजारून चार घास भरवते, तो माझा धंदाच आहे. "एकच, माझ्यासाठी," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. बाई माझ्या हाताकडे बघत होत्या.

मी चमचा खाली ठेवला.