सावळी की सावली

माधवीताई गेली हे मला नोएडाच्या मेट्रोत कळलं. फोनवर तिचा भाऊ "ताई गेली" एवढंच मराठीत बोलला, पुढचं रडणं हिंदीत. खिडकीबाहेर भरदुपारी सूर्य नारिंगी होता, डोळे न मिटता बघता येईल इतका विझलेला. दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय, दम्याने मृत्यू. खोटं आहे. तिला या हवेने मारलं, आणि हे कुणीतरी कबूल करावं म्हणून आम्ही प्रदूषण मंडळाच्या साहेबांच्या दारात गेलो, तर साहेब म्हणाले, "पुरावा आणा."

ताई दिल्लीतच जन्मली, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. शाळेत चित्रकला शिकवायची, आणि आमच्या स्वच्छ हवेच्या मोहिमेच्या पत्रकांसाठी चेहरे काढून द्यायची. तिच्या मराठीत ळ नव्हता. आजी तिला लाडाने 'माझी सावळी' म्हणायची, हिला ऐकू यायचं 'सावली'. "मला वाटायचं, सावली म्हणजे माझाच रंग. मग ती काली कशी असेल, यार?" म्हणून शेडिंगसाठी तिने शिसपेन्सिल कधी धरली नाही. गालाखाली निळा, गळ्याशी जांभळा, नाकाच्या कडेला हिरवासुद्धा... आणि लांबून बघितलं की माणूस श्वास घेतोय असं वाटायचं. "शिसं घासलं की सावली नाही पडत, लातूरकर, धूल बसते. ती बाहेर कमी आहे का?"

पहिल्याच पत्रकासाठी तिने रस्ता झाडणाऱ्या एका बाईचा चेहरा फिकट निळ्यात रंगवला. झेरॉक्स काढली तर बाई गायब! पदराची रेघ तेवढी उरली. मी भडकलो. "ताई, मी काय कोरे कागद वाटू?"

"वाट की. मशीनला निलं दिसत नाही, तुझ्या साहेबांना माणसं दिसत नाहीत. बिल्कुल मॅच!" हसताहसता तिला खोकला लागला, आणि तो थांबेना...

शोकसभेच्या पत्रकासाठी भावाने तिचं शेवटचं चित्र दिलं. आरशात बघून काढलेला स्वतःचा चेहरा. अंथरुणात हाताशी फिकट निळी पेन्सिल होती, सगळा चेहरा त्याच एका रंगात. दुकानदाराने झेरॉक्सचा कागद उलटसुलट करून बघितला. "भैया, ये तो खाली है."

मूळ चित्र मी खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर चिकटवलं. वारा सुटून आकाश धुतल्यासारखं असायचं तेव्हा तिथे जेमतेम डाग दिसायचा. मग हवा बिघडली. उजेड पिवळा झाला, आणि कागदावर हळूहळू जबडा आला, दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या खोबणी. पिवळ्या-नारिंगी उजेडात निळं गडद दिसतं, हे तिनेच मला शिकवलंय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी जेवताना मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो, आणि मग मानेवर कुणाचीतरी नजर आहे असं वाटत राहतं.

साहेब, पुरावा माझ्या भिंतीवर आहे. तुमची हवा जितकी घाण, तितकी ती स्पष्ट.

आज सकाळी पडदा सरकवला तर समोरची इमारतच नव्हती, नुसता पिवळट धूर. मागे वळलो. ताई पूर्ण आली होती, अगदी ओठांसकट. इतके दिवस मला वाटायचं, तिने ओठ मिटलेले काढलेत...

उघडे आहेत.