सावडीतला पुण्याचा माणूस

कापडे गावाच्या वरच्या वाडीत चंद्रभागेएवढी चौकस बाई दुसरी नव्हती. एस्टीतून नवखा माणूस उतरला की तो कुणाकडचा पाहुणा, कशाला आला, पिशवीत काय आणलंय, हे सगळं घरधन्याच्या आधी हिला कळायचं. आणि अशा बाईच्या पदरात देवानं सून कोणती घालावी? तर जिचं काम कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही अशी!

सून अमिता, महाडची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. लग्नाआधी पुण्यात एका लहानशा कंपनीत होती, सगळी मिळून सहा-सात माणसं. नवरा राजू मुंबईला, चौघांबरोबर एका खोलीत राहणारा. तिथं बायकोला कुठं नेणार? म्हणून ती सासरी राहिली. कंपनीचा मालक सुनील म्हणाला, नोकरी सोडू नकोस, मशीन घेऊन जा आणि तिथूनच काम कर. ही दोन हजार सातची गोष्ट. टेलिफोनची तार वाडीत आलेलीच होती. पडवीच्या कोपऱ्यात, भाताच्या कणगीला लागून, कॉम्प्युटर बसला आणि चंद्रभागेची झोप उडाली.

"तू करतेस काय गो नेमकं?"

"दवाखान्यात पेशंटची नोंद ठेवायचा प्रोग्राम आहे, आई. तो बाकीचे लिहितात. मी त्यातल्या चुका काढते."

"चुका काढतेस? आणि त्याचा पगार देतात?" चंद्रभागेनं कपाळाला हात लावला. "अगो, मी लग्न होऊन आल्यापासून तुझ्या सासऱ्याच्या फुकट काढतेय!"

अंगणात बैलांना वैरण घालणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, गोमाजीनं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याला सवय होती.

पण एवढ्यावर हिचं समाधान होतंय होय! हितं दाबलं तर पुण्याला कसं कळतं? चूक दिसते कशी, काळी का लाल? मालक बघत नाय, तर तू उठून का जात नाहीस? या शेवटच्या प्रश्नाला अमिता हसली. म्हणाली, "काम झालेलं त्यांना दिसतं ना, आई."

"त्याला दिसतं, मला नाय दिसत," म्हणत चंद्रभागा भाकऱ्या थापायला गेली. पण डोकं तिथंच अडकलेलं.

वाडीनं मात्र आपल्यापुरतं उत्तर काढलं होतं: चंद्रभागेची सून घरात बसून असते. आणि हे बोलणं नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, कारण लावणी तोंडावर आली होती. वाडीत लावणी व्हायची ती सावडीनं. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या. ज्या घरानं जेवढे हात दिले तेवढे त्याला परत मिळायचे. मजूर कुठून आणणार? तरणी पोरं सगळी मुंबईला. सावडीतून बाहेर पडलेल्या घराची खाचरं पडीक राहतात, हे लहान पोरालाही ठाऊक.

शेजारची तुळजाबाई तोंडावर सांगून गेली, "चंद्रभागे, तुमच्याकडनं यंदा एक हात कमी पडला तर आम्ही दुसरं घर बघू हां. मग रुसायचं नाय."

चंद्रभागेला ते फार लागलं. तिचे स्वतःचे गुडघे धरलेले, तिला चिखलात उतरणं जमत नव्हतं. सुनेला लावणीला पाठवलं तर पगार जाणार, पोरीचा जीव त्यात रमलेला, तोही मोडणार. आणि नाही पाठवलं तर शेत जाणार. करावं काय माणसानं?

अशात एकदा फोन वाजला. अमिता विहिरीवर गेलेली. पलीकडून सुनील. "मावशी, अमिताला सांगाल का, रविवारी बसायला जमेल का म्हणून? सुट्टी आहे, पण काम मोठं आलंय आणि आमच्याकडे हात कमी आहेत."

काम मोठं आणि हात कमी! इतके दिवस न कळलेली गोष्ट चंद्रभागेला चटकन कळली. अरे, ही तर सावडच!

"बसेल ती, का नाय बसणार? पण साहेब, गुरुवारी आमची लावणी हाय. तुमच्याकडनं एक हात?"

सुनील खळखळून हसला. "येतो की, मावशी! आम्ही सगळेच येऊ लावणीला!"

शहरातली माणसं असं येता-जाता बोलतात. पण सावडीत 'येतो' म्हणणं म्हणजे आलाच. रविवारी अमिता बसली आणि चंद्रभागेनं वाडीभर सांगितलं, गुरुवारी आमच्या सुनेच्या जागी पुण्याचा माणूस येणार. दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. अमिताला सांगायची गरजच वाटली नाही. शब्द दिलाय म्हटल्यावर बोलायचं काय त्यात?

गुरुवार उजाडला. राबाच्या वाफ्यातली रोपं उपटून मुठी बांधलेल्या, गोमाजीनं चिखलणी केलेली, सावडीची माणसं बांधावर उभी. सकाळची एस्टी आली आणि एक पोस्टाची थैली उतरवून निघून गेली.

"आला का तुझा पुण्याचा?" तुळजाबाईनं विचारलं.

चंद्रभागा धावत घरी आली आणि तिनं सगळं सांगितलं.

"अहो आई, ते हसण्यावारी बोलले!"

"हसण्यावारी? सावडीचा शब्द?"

त्याच दिवशी पुण्यातल्या एका दवाखान्यात प्रोग्राम सुरू होणार होता. अमितानं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा सासूच्या तोंडाकडं. मग कॉम्प्युटर बंद केला, ओढणी कमरेला बांधली आणि शेताची वाट धरली. चंद्रभागेला वाटलं, पोरीची नोकरी आपल्या पायी गेली, दुसरं काय?

तेवढ्यात फोन.

"मावशी, अमिता कुठे आहे? इथे सगळे खोळंबलेत!"

"शेतात. तुम्ही आला नाय, म्हणून ती गेली."

"मी? मी कुठे यायचं होतं?"

"लावणीला. येतो म्हणाला होतात. मी वाडीला सांगून बसले. आता लोक मला विचारतायत, काय सांगू?"

सुनीलला त्या दिवशीचं आपलं हसणं आठवलं.

"मावशी, चुकलंच माझं," सुनील म्हणाला. "आता निघालो तरी संध्याकाळ होईल. असं करतो, तिच्या जागी इथे मी बसतो. चुका मी काढतो. हा हात चालेल का?"

चंद्रभागा विचारात पडली. असली सावड तिच्या सासूनंही कधी ऐकली नसेल. पण तो बसला म्हणून पोर चिखलात उभी राहिली, म्हणजे हात तर आलाच की!

"चालेल. पण दिवस मावळेपर्यंत बसायचं. मध्ये उठायचं नाय."

लावणी पुरी झाली. संध्याकाळी अमिता अंगणात पाय धूत असताना पुन्हा फोन आला. चंद्रभागेनंच उचलला. सुनीलचा आवाज पार बसलेला.

"मावशी, पाठ मोडली माझी. डोळ्यांची आग होतेय. ती कशी करते रोज, कळत नाही. आणि मला सापडल्या नाहीत अशा कितीतरी चुका अजून आत आहेत. उद्या तिला बसवाच. पाया पडतो."

"पाठ दुखते?" चंद्रभागेनं विचारलं.

"फार."

"मानेपासनं का कमरेपासनं?"

"दोन्हीकडून, मावशी!"

इतके महिने हिनं सुनेला नाही नाही ते विचारलं होतं. पाठ दुखते का गो, एवढंच विचारायचं राहिलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"उद्या तुळजाबाईची लावणी आहे," अमिता दारातूनच म्हणाली. "त्या आज आल्या होत्या, मला जावंच लागेल. साहेबांना तसं सांगा."

चंद्रभागेनं तिच्याकडं बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, "बसेल ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाबाईच्या बांधावर चंद्रभागा आली. गुडघे धरल्यापासून तिनं चिखलात पाय घातला नव्हता. तिनं कासोटा घट्ट केला, रोपांची मूठ उचलली आणि हळूच खाचरात उतरली.

"तू कशी? सून कुठं हाय?" तुळजाबाईनं विचारलं.

"सून कामावर गेलीय," चंद्रभागा म्हणाली, आणि लावायला वाकली.