वटवृक्ष मंडळातली करिष्मा

आमच्या महाल भागातल्या कॉलेजात पैसे दिले की माणसाचं झाड होतं. थोडे दिले तर ‘पालवी मंडळ’, बरे दिले तर ‘फांदी मंडळ’ आणि हात सैल सोडला की थेट ‘वटवृक्ष मंडळ’. ही नावं प्राचार्यांच्या सुपीक डोक्यातून निघालेली. मी तिथे इतिहास शिकवतो, मला अजून हसू येतं. पण कॉलेज छोटं. प्रयोगशाळा या झाडांच्याच जिवावर चालते.

माझे शेजारी गणपतराव काळमेघ खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. बोलणं कमी, राग नाकावर. त्यांची एकुलती एक लेक करिष्मा माझी विद्यार्थिनी. तिनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा यांनी तिला दारातच सांगितलं, “तू आमच्यासाठी मेली.” भाऊबंदांनी पाठ थोपटली. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडायच्या.

यंदा गणपतराव माझ्याकडे आले. चहा पुढ्यात गार झाला, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

“सर, मले वटवृक्षात यायचं हाय. पण नाव करिष्माचं लावा. माहं नको.”

“तिला सांगितलंत?”

“निमंत्रण पाठवतो नं. येईन ती. तोंडानं मले जमत नाही जी.”

या माणसाचा मला फार राग होता, पण त्या दिवशी भरून आलं. कार्यालयानं फोटो मागितला. त्यांनी तिचा पदवी मिळाली तेव्हाचा दिला आणि स्वतःला नवा सदरा शिवायला टाकला.

समारंभाला ते पहिल्या रांगेत बसले. शेजारची खुर्ची रुमाल टाकून अडवून ठेवलेली. करिष्मा आली तेव्हा मी दाराशीच होतो.

“सर, बाबांनी खरंच बोलावलं मले?”

“जा आत, खुर्ची धरून बसलेत.”

ती आत पाऊल टाकते तोच पडदा सरकला. मंचावर तिचाच फोटो. त्याला झेंडूचा हार, पुढे समई. आजवर या मंडळात दुसऱ्याच्या नावानं आलेली प्रत्येक देणगी गेलेल्या माणसासाठीच होती, त्यामुळे कार्यालयातल्या एकाही शहाण्यानं विचारलं नाही. निवेदिका म्हणाली, “लाडक्या लेकीच्या स्मृतीस दोन मिनिटं उभं राहू या.”

सगळं सभागृह उभं राहिलं. गणपतराव क्षणभर बसूनच होते. मग धावत मंचावर गेले, हार ओढून काढला आणि माइकवर ओरडले, “माही पोरगी जित्ती हाय! कोनं लावला हा हार? जित्ती हाय माही पोरगी!”

करिष्मा तोवर फाटकाशी पोचली होती. ते हार हातात घेऊन धापा टाकत आले. मी मागोमाग.

“म्या नाही वं केलं हे, पोरी.”

“हार कॉलेजवाल्यायनं लावला, बाबा. मेली म्हणून तुमीच सांगितलं होतं.” तिचे डोळे वाहत होते. “आता माइकवर बोलले ते घरी बोलता का? आईसमोर, काकांसमोर? बोलत असान तर आत्ता येतो तुमच्यासंगं.”

गणपतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. म्हणाले, “पाहतो.”

तिनं हेल्मेट घातलं, स्कूटी सुरू केली.

“मंग हा हार घरी न्या,” ती म्हणाली. “लागन तुमाले.”